‘कालचा दिवस सांगा’: खान्देशातल्या दाम्पत्य समुपदेशनाचं परीक्षण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत नवरा-बायकोच्या वादात समुपदेशन मिळण्याचे रस्ते आता बरेच झालेत. पोलिसांकडे महिला कक्ष आहे, महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी आहेत, सखी वन स्टॉप सेंटर आहे, न्यायालयात मध्यस्थी आहे, आणि पैसे मोजायची तयारी असेल तर जळगाव-धुळ्यात खासगी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ आहेत. सरकारी रस्त्यांवर फी लागत नाही. पण बहुतेक ठिकाणी प्रकरण ‘मिटलं’ असं कधी लिहितात, तर बाई सासरी परत गेली की. ती तिथे सुखात आहे का, हे लिहायला नोंदवहीत रकानाच नसतो. हे परीक्षण त्या नसलेल्या रकान्यासाठी आहे. विवाहित बाईचं समाधान ज्या गोष्टींवर उभं असतं, त्या गोष्टी ही सेवा विचारते का, आणि विचारल्यावर पुढे काय करते, एवढंच इथे तपासलं आहे.

पहिली भेट

समुपदेशक कसा आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. “तुमचं पटतं का?” असं विचारलं की बाई एक तर “पटतं” म्हणते, नाहीतर रडायला लागते. दोन्हींतून हाती काही लागत नाही. “पटतं” म्हणताना सासू बाहेरच्या बाकावर बसलेली असते आणि रडण्यात दहा वर्षांचं एकदम बाहेर येतं. त्याऐवजी “ताई, कालचा दिवस सांगा, उठल्यापासून” असं विचारणारं माणूस मिळालं, तर तिथेच पुढच्या तारखा घ्याव्यात. काल किती वाजता उठलात? पाणी कोणी भरलं? भाकरी किती थापल्या? शेतात कोण गेलं, पोरांना शाळेत कोणी सोडलं? जेवायला कितव्या पंगतीला बसलात आणि तेव्हा भाजी उरली होती का? नवऱ्याशी कामाशिवाय बोलणं किती झालं?

अमळनेर-पारोळ्याकडचं एखादं कपाशीचं घर घ्या. माणसं आठ. माणशी दोन-तीन भाकरी धरल्या तर सकाळच्याच वीस-बावीस होतात. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असली की नवरा रात्री पाणी द्यायला मळ्यात, उजाडता परत. तो आला की चहा, मग तो झोपणार आणि ती वेचणीला निघणार. आठवडाभर दोघांची गाठ पडते ती ताट वाढताना. “तो मन्हासंगे बोलत नही,” असं ती अहिराणीत सांगते, तेव्हा कागदावर ‘संवादाचा अभाव’ लिहून पान उलटणारा समुपदेशक चुकतो. त्या घरात बोलण्याचा वेळच विजेच्या वेळापत्रकाने खाल्लेला आहे. पुढच्या आठवड्यात दिवसपाळी आली की रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास दोघांनी गच्चीवर बसायचं, एवढं ठरवून दिलं तरी पुढच्या भेटीला चित्र बदललेलं दिसतं.

कामाच्या वाटणीबद्दल एक आकडा प्रत्येक समुपदेशकाच्या टेबलावर असावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. त्यातही ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे. जे पुरुष घरात काडी उचलत नाहीत, ते त्या ८८ मध्ये धरलेलेच नाहीत.

मात्र मिनिटं समान करून दिली की समाधान येतं, असंही नाही. कामाचे तास किती, यापेक्षा वाटणी तिला न्यायाची वाटते का आणि केलेल्या कामाची कोणी दखल घेतं का, याचा समाधानाशी संबंध जास्त घट्ट असतो. म्हणून “बायकोला मदत करत जा” हा सल्ला निरुपयोगी आहे. मदत म्हटलं की काम तिचंच राहतं आणि लक्षात ठेवणंही तिचंच. एक अख्खं काम त्याच्या नावावर करायचं: पोरांची सकाळची आंघोळ आणि दप्तर, किंवा रात्रीची भांडी, किंवा पिण्याचं पाणी. ते लक्षात ठेवणंही त्याचंच. जाणता समुपदेशक पहिलं काम निवडताना ते ओट्यावरून दिसणार नाही असं निवडतो. गल्लीतल्या लोकांनी भांडी घासताना पाहिलं तर दुसऱ्या दिवसापासून तो हात लावत नाही. पोरांचा अभ्यास आणि झोपवणं घराच्या आत होतं, तिथून सुरुवात टिकते.

छापील प्रश्नावल्या

खासगी ठिकाणी बऱ्याचदा आधी एक प्रश्नावली भरून घेतात. तिची थोडी माहिती असलेली बरी.

सगळ्यात छोटी तीन प्रश्नांची, कॅन्सस वैवाहिक समाधान मापनी. लग्नाबद्दल, नवरा म्हणून त्याच्याबद्दल आणि त्याच्याशी असलेल्या नात्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, असे तीन प्रश्न, प्रत्येकाला १ ते ७ गुण. बेरीज ३ ते २१ होते आणि १७ च्या खाली आली तर नात्यात ताण आहे असं धरण्याची पद्धत आहे. दोन मिनिटांत होते आणि दर भेटीला पुन्हा भरून घेता येते, हा तिचा मोठा फायदा. अडचण अशी की मराठीत दुसरा आणि तिसरा प्रश्न ऐकायला एकच वाटतो, आणि बाई तिन्हींना एकच आकडा देऊन मोकळी होते. वाचून दाखवणाऱ्याने मध्ये थांबून “नवरा म्हणून कसा” आणि “तुमचं दोघांचं एकमेकांत कसं” हा फरक करून सांगितला, तरच आकडे वेगळे पडतात.

मोठी म्हणजे ग्रॅहम स्पॅनियर यांनी १९७६ मध्ये मांडलेली डायडिक अॅडजस्टमेंट स्केल. ३२ प्रश्न, ० ते १५१ गुण, आणि साधारण शंभरच्या आसपासची रेघ, तिच्याखाली ताण धरायचा. तिच्यात पैसा, घरकाम, सासर-माहेरच्यांशी वागणं, मित्रमंडळी अशा विषयांवर दोघांचं किती वेळा एकमत होतं, हे विचारलं आहे. आपल्याकडे तिचा निकाल चुकतो तो याच ठिकाणी. ज्या घरात बाईला विचारतच नाहीत तिथे मतभेद होणार कसे? पैशाबद्दल “नेहमी एकमत” असं तिने लिहिलं की गुण भरपूर मिळतात आणि घर सुखी ठरतं. म्हणून एकमताच्या प्रत्येक उत्तरामागे “ते ठरवलं कोणी?” हा तोंडी प्रश्न लागतोच. शिवाय चुंबनाबद्दलचा आणि शरीरसंबंधाबद्दलचा प्रश्न नणंदेसमोर किंवा सासूसमोर भरून घेतला, तर तो कागद फाडून टाकलेला बरा.

प्रश्नावलीचा आकडा म्हणजे निदान नव्हे. पहिल्या आणि सहाव्या भेटीतला फरक पाहायला ती चांगली आहे. तिचा निकाल नवऱ्याच्या हातात देऊन “बघा, २१ पैकी बायको ११ वर आहे” असं सांगणं घातक. घरी गेल्यावर त्या ११ चा जाब तिलाच द्यावा लागतो.

पैसा, माहेर आणि खोलीची कडी

या तीन गोष्टींवर सेवा सगळ्यात कमी पडते, आणि बाईचं रोजचं सुख-दुःख यांच्यावरच सगळ्यात जास्त ठरतं.

पैशाबद्दल विचारलंच तर “नवरा खर्चाला देतो का?” एवढंच विचारतात. ते पुरत नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, दिवसभर वाकून बाई जे कमावते ते आठवड्याच्या बाजाराला रोखीत येतं. ते कोणाच्या हातात पडतं? मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये ऑगस्ट २०२४ पासून पात्र बाईच्या खात्यात जमा होऊ लागले. खातं तिच्या नावाचं; पण एटीएम कार्ड कोणाच्या पाकिटात आहे आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? हे दोन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. उत्तर “त्यांच्याकडेच” असं आलं, तर पहिल्याच बैठकीत मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज भरून घ्यावा. बँकेत तिने स्वतः आधार कार्ड आणि पासबुक घेऊन जायचं असतं.

जळगाव सोन्याचं गाव. लग्नातलं सोनं म्हणजे बाईची म्हातारपणाची काठी, आणि भांडणात सगळ्यात आधी तेच गायब होतं. स्त्रीधन कायद्याने तिचं एकटीचं आहे, ते लॉकर सासऱ्याच्या नावावर असलं तरी. चांगलं केंद्र पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत यादी करून घेतं: वस्तू, वजन ग्रॅममध्ये, कोणी घातली, आता कोणाकडे आहे, पावती किंवा लग्नातला फोटो आहे का. शेतजमिनीबाबत ‘लक्ष्मी मुक्ती’ या सरकारी योजनेखाली नवऱ्याच्या संमतीने त्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं, अर्ज तलाठ्याकडे करायचा असतो. समझोत्याच्या बैठकीत हा पर्याय मांडलेला फार क्वचित ऐकू येतो. सातबाऱ्यावर नाव लागलेल्या बाईशी घरातले बोलताना आवाज बदलतो, हे गावोगाव दिसतं.

माहेराचा प्रश्न खान्देशात अखाजीपाशी येऊन थांबतो. अक्षय्य तृतीयेला लेकीने माहेरी यायचं, गौराई बसवायची, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. भाऊ मुराळी होऊन, म्हणजे बहिणीला न्यायला, आला आणि सासरच्यांनी “यंदा काम आहे” म्हणून परत पाठवला, की ते वर्षभर खुपतं. बाहेरगावचा समुपदेशक याला ‘सणावरून किरकोळ वाद’ म्हणतो. किरकोळ नाही. माहेरी जाता येणं, मनात येईल तेव्हा आईला फोन करता येणं आणि तो फोन स्पीकरवर ठेवावा न लागणं, यावरून बाई सासरी आपली जागा मोजते. दिवाळी-भाऊबीज, अखाजी आणि पहिलं बाळंतपण या तीन वेळांचे दिवस आकड्यांत ठरवून घेतले नाहीत, तर भांडण त्या त्या महिन्यात परत येतं. उलट श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणाला, भाऊबंदकी घरी जमते, तेव्हा तिने सासरी असावं ही अपेक्षाही खरी असते. दोन्ही एकाच कागदावर आलं तर कोणाला हार वाटत नाही.

आणि खोली. दोन खोल्यांच्या घरात दीर, सासू, पोरं, नवरा-बायको सगळे झोपतात. दारामागे कडी नाही, पडदा आहे. अशा घरात दोघांना एकमेकांशी हळू आवाजातही बोलता येत नाही, बाकीचं दूरच. मधल्या दाराला आतून कडी लावणं हा उपाय कागदावर लिहायला समुपदेशक लाजतात. ती काही रुपयांची कडी पुष्कळ व्याख्यानांपेक्षा जास्त काम करते.

शरीरसंबंधाबद्दल तर बहुतेक ठिकाणी विचारतच नाहीत. बाळंतपणानंतर दुखणं, कोरडेपणा, अंगावरून जाणं, इच्छा नसताना होकार द्यावा लागणं या तक्रारी “जीव घाबरस”, “मन्हं मन लागत नही” अशा शब्दांतून येतात. विचारणारी बाई असावी, दार बंद असावं, आणि प्रश्न सरळ असावा: “जवळ येताना दुखतं का? नको म्हटलं तर ते ऐकतात का?” दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यायची. सतत थकवा आणि चिडचिड असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गर्भवती नसलेल्या बाईला १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरतात. आठ ग्रॅमवर दिवस ढकलणाऱ्या बाईला ‘स्वभावाने तापट’ ठरवून संयमाचा उपदेश करणं हा अन्याय आहे. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासणाऱ्या एडिनबरो मापनीचे दहा प्रश्न विचारावेत. ३० पैकी १३ किंवा जास्त गुण आले, किंवा स्वतःला इजा करण्याच्या शेवटच्या प्रश्नाला शून्याशिवाय कोणतंही उत्तर आलं, तर समुपदेशन बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

दारूचं कलम

समझोत्याच्या कागदात हमखास असतं: “यापुढे मी दारू पिणार नाही.” देवळात नेऊन शपथही घालतात. हे कलम पंधरा दिवसांत मोडतं, आणि मग सगळे म्हणतात माणूसच वाईट. खरं कारण बऱ्याचदा वैद्यकीय असतं.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की सहा ते चोवीस तासांत हात कापतात, घाम फुटतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस ओळखत नाही. घरचे घाबरतात, “अंगात आलं” म्हणतात, किंवा शेवटी अर्धी बाटली आणून पाजतात. म्हणून शपथेआधी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची तपासणी करावी. ४० पैकी ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याचं आहे. वीसच्या आसपास किंवा वर असेल तर व्यसन जडल्याची शक्यता धरून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवायचं. कागदावर ‘पिणार नाही’ऐवजी ‘अमुक तारखेपर्यंत तपासणी, औषधं वेळेवर, महिन्याला एक फेरी’ असं लिहिलं तर ते पाळता येतं आणि पाळलं की नाही हे केसपेपरवर दिसतं. सातपुड्याच्या पायथ्याला मोहाची दारू घरातच निघते, तिथे दुकानबंदीचा काही उपयोग नाही. तपासणी आणि औषधं हाच मार्ग.

कोणत्या दारातून जावं

मारहाण होत असेल तर पहिलं दार पोलीस किंवा संरक्षण अधिकारी. समुपदेशन नंतर. फोन ११२ किंवा १८१. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो, तिथूनच वैद्यकीय तपासणी आणि कायदेशीर मदत जोडून देतात. संरक्षण अधिकारी घरगुती घटनेचा अहवाल विहित नमुन्यात भरतात. त्यात तारखा, साक्षीदार आणि जखमांचं वर्णन जेवढं नेमकं, तेवढा तो पुढे उपयोगी पडतो.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याच्या कलम १४ खाली दंडाधिकारी समुपदेशनाला पाठवू शकतात, आणि त्या समुपदेशनाचे नियम खूप चांगले आहेत: हिंसेचं समर्थन करायला नवऱ्याला मुभा नाही, आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची. “जेवण वेळेवर दिलं नाही म्हणून हात उचलला” हे वाक्य समुपदेशकाने तिथेच थांबवायला हवं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते शेवटपर्यंत ऐकून घेतात, आणि वर बाईला वेळेवर जेवण देण्याचा सल्ला देतात. नियम चांगला आणि वापर वाईट, याचं यापेक्षा उघड उदाहरण नाही. असं झालं तर बाईने त्याच बैठकीत “हे नोंदीत लिहा” असं म्हणावं. 

पोलिसांकडच्या महिला कक्षाची ताकद म्हणजे बोलावलं की सासरचे येतात. खासगी समुपदेशकाकडे दहा निरोप धाडूनही न येणारा नवरा तिथे एका फोनवर हजर होतो. उणीव अशी की दोन्हीकडची पंधरा माणसं एका खोलीत बसवतात आणि पहिल्याच भेटीत कागद करून टाकतात. जाण्याआधीच सांगून ठेवावं: आधी अर्धा-पाऊण तास मला एकटीला, मग त्याला एकट्याला, मग दोघांना. नातेवाईक शेवटी, गरज असली तरच.

न्यायालयातलं मध्यस्थी केंद्र या सगळ्यांत सर्वात शांत. बोललेलं गोपनीय राहतं, घाई कमी, आणि झालेली तडजोड न्यायालयापुढे नोंदवता येते. लोकअदालतीतल्या निवाड्याला तर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा आहे. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न पाहता मोफत मिळतो; फोन १५१००.

खासगी सेवा एकांत आणि वेळ देते. मारहाण नाही, पण वर्षानुवर्षांचा कोरडेपणा आहे, अशा जोडप्याला तीच उपयोगी. पाटीवर नुसतं ‘समुपदेशक’ असेल तर शिक्षण विचारावं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात कमीपणा नाही. फी, भेटीचा वेळ आणि साधारण किती भेटी लागतील हे फोनवरच ठरवावं. दोघांतला वाद चढत गेला की चांगला समुपदेशक बैठक वीस मिनिटं थांबवतो, पाणी पाजतो, मग पुढे जातो. छातीत धडधडत असताना कोणाचं ऐकू येत नाही, हे त्याला माहीत असतं. थांबवत नसेल तर तिथे पैसे घालवू नयेत. टेलि-मानसची १४४१६ ही मोफत फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. रात्री मन फार बिघडलं तर तिथे बोलता येतं, पण नवरा-बायकोची बैठक म्हणून ती नाही.

आणि पंच. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत मुलाकडून मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची चाल आहे. बाई नांदली नाही तर देज परत मागतात, आणि तो हिशोब पंचांपुढेच बसतो. तो टाळून सरकारी कागद केला तर गावात चालत नाही, हे मान्य. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदाही सरसकट लागू नाही. पण देज परत करायला माहेर तयार नाही म्हणून बाई परत पाठवली गेली, तर तो समझोता तिच्या समाधानाचा नव्हे, बापाच्या कर्जाचा असतो. पंचांनी घर वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे.

समझोत्याचा कागद

नेहमीचा कागद असा असतो: “मी माझ्या पत्नीस नीट नांदवीन व कोणताही त्रास देणार नाही. मी सासरी वडीलधाऱ्यांचा मान राखून राहीन.” खाली सह्या, दोन साक्षीदार, कधी ५०० रुपयांचा मुद्रांक आणि नोटरीचा शिक्का. शिक्क्याने त्याचा न्यायालयीन आदेश होत नाही. आणि ‘नीट’ म्हणजे काय, हे मोजायला कोणी येत नाही. तिने मान राखायचा तो चोवीस तास. त्याचा ‘त्रास’ मात्र सिद्ध व्हावा लागतो.

त्याच जागी असं लिहिता येतं: दर महिन्याच्या ५ तारखेला ३००० रुपये घरखर्चाशिवाय तिच्या खात्यात. वेचणीची मजुरी तिची. खात्याला तिचाच मोबाइल. रात्रीची भांडी आणि पोरांना झोपवणं त्याचं. मधल्या दाराला ३० तारखेपर्यंत आतून कडी. अखाजीला आठ दिवस आणि भाऊबीजेला चार दिवस माहेर, नेणं-आणणं त्याच्याकडे. सासूशी कामावरून वाद झाला तर तिच्या बाजूचं तो स्वतः आईशी बोलेल, तिला पुढे करणार नाही. जिल्हा रुग्णालयात पहिली तपासणी १० तारखेच्या आत. (रक्कम घराच्या उत्पन्नाप्रमाणे बदलेल, तारीख मात्र हवीच.) सात-आठ ओळींच्या वर जाऊ नये, नाहीतर कोणी वाचत नाही. आईशी बोलण्याची ओळ सगळ्यात अवघड, नवरे तिथेच अडतात. पण नवरा आपल्या बाजूने उभा राहतो, हे बाईला एकदा दिसलं की बाकीच्या अर्ध्या तक्रारी ती स्वतःच मागे घेते.

पाठपुरावा

ही सेवा सर्वांत जास्त इथे नापास होते. पहिले पंधरा दिवस सासरी पाहुणचार असतो, सगळे गोड बोलतात. जुनं वागणं दीड-दोन महिन्यांनी परत येतं. पाठपुराव्याचा एकच फोन मात्र आठव्या दिवशी होतो, तोही नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि “कसं चाललंय?” “चांगलं” एवढ्यावर फाइल बंद. १५ दिवस, दीड महिना, तीन महिने आणि सहा महिने अशा चार तारखा कागदावरच लिहून घ्याव्यात. त्यातल्या दोन तरी भेटी प्रत्यक्ष, तिची एकटीची. फोनवर बोलायचं तर बाई आशाताईच्या घरी किंवा स्वतःच्या माहेरी असताना बोलावं. सुरतेला कामाला असलेल्या नवऱ्याशी व्हिडिओ कॉल करायचा झाला, तर दोन्हीकडे दार बंद आहे ना हे आधी कॅमेरा फिरवून पाहावं. तो दहा जणांच्या खोलीत बसून बोलत असेल, तर तो बायकोशी बोलत नसतो, खोलीतल्या माणसांसाठी बोलत असतो.

तारखा देताना शेतीचं वेळापत्रक समोर ठेवावं. ऑक्टोबर ते जानेवारी कापूस वेचणी, तेव्हा बुधवारी सकाळी अकराची तारीख दिली तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि बाई येत नाही. दोनदा आली नाही की ‘अर्जदार अनुपस्थित’ असं लिहून प्रकरण मिटवतात. धडगाव-मोलगीकडून घाट उतरून नंदुरबारला यायचं तर जाण्या-येण्यातच दिवस जातो. एसटी कधी पोचते हे विचारून वेळ दुपारची द्यावी, आणि दोन्ही कामं, म्हणजे दवाखाना आणि बैठक, एकाच दिवशी लावावीत. वेचणीच्या दिवसांत तारीख पुढे हवी असेल, तर बाईने आधीच साध्या कागदावर अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि ती पोच माहेरी ठेवावी.